तलाव शनिवारचा, क्लोरीन रोजचं

लोणावळा, कर्जत, मुळशी, अलिबाग, गोव्यातलं आसगाव. इथल्या भाड्यानं मिळणाऱ्या बंगल्यांच्या जाहिरातीत डोंगराच्या आणि आमराईच्याही आधी एक ओळ हमखास असते: प्रायव्हेट पूल. मालक मुंबईत नाहीतर पुण्यात. तलाव गजबजतो तो शनिवार-रविवारी; उरलेले पाच दिवस तिथे फक्त केअरटेकर. शुक्रवारी फोन येतो, ‘काका, उद्या गेस्ट आहेत, पाणी करून ठेवा.’ काका डब्यातली पावडर अंदाजानं टाकतात, तुरटी फिरवतात, गाळ खाली बसला की ओढून घेतात. सकाळी तळाच्या टाइल्सच्या फटी मोजता येतील इतकं पाणी नितळ. मालकाला फोटो जातो आणि पाहुणे पाण्यात उतरतात.

पाण्यात क्लोरीन किती आहे, हे मात्र कोणी मोजलेलं नसतं. नितळ पाणी आणि निर्जंतुक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुरटीमुळे पाण्यातले बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. मोरचुदानं शेवाळ आटोक्यात राहतं. द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रणातून ते चांगलं ठाऊक असतं. पण पोहणाऱ्याच्या अंगावरून आलेला जंतू शेजारच्याच्या तोंडात जायच्या आत मेला पाहिजे, हे काम दोघांच्याही आवाक्यातलं नाही. ते काम पाण्यात त्या क्षणी शिल्लक असलेलं क्लोरीन करतं. शुक्रवारी किती टाकलं याला फारसा अर्थ नाही, शनिवारी अकरा वाजता किती उरलं याला आहे.

ही शिल्लक महाराष्ट्रातल्या खेड्यांना नवी नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि नंतर नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो. पाण्याला पिवळा रंग आला तर क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचलं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात डॉ. जॉन लील यांनी क्लोरीनचा नियमित वापर सुरू केला, तोही याच पावडरीनं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहिली तरी भारतीय मानकानुसार चालतं. तलावात तेवढ्यानं भागत नाही. नळाच्या पाण्यात नव्यानं कोणी घाण करत नाही. तलावात माणसं उतरलेली असेपर्यंत जंतूंची आवक चालूच असते. म्हणून अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या शिफारशीनुसार तलावात किमान १ पीपीएम क्लोरीन हवं, आणि पाण्यात स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून राखणारं रसायन) असेल तर किमान २. घरच्या तलावासाठी २ ते ४ पीपीएमचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवावा.

मुठीचा हिशोब

पीपीएम हा शब्द ऐकून बिचकायचं कारण नाही. १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर पाणी मावतं. त्यात क्लोरीन १ पीपीएमनं वाढवायचं तर ४० ग्रॅम क्लोरीन लागेल.

पण डब्यात निव्वळ क्लोरीन नसतं, आणि मुठीचा अंदाज इथेच फसतो. ‘नव्वद टक्केवाली’ म्हणून मिळणारी टीसीसीए पावडर किंवा गोळी असेल तर सुमारे ४५ ग्रॅम पुरतात. ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर साधारण ६० ग्रॅम. ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर १२० ग्रॅम लागते आणि तळाशी चुन्याचा साका बसतो तो वेगळाच. कॅनमधलं द्रव हायपोक्लोराइट १० टक्के असेल तर ४०० मिलिलिटर. तीच मूठ एका डब्यातून घेतली तर एक परिणाम, दुसऱ्यातून घेतली तर तिप्पट. द्रवाचा कॅन उन्हाळ्यात पत्र्याच्या पंपरूममध्ये पडून राहिला की लेबलवरचे १० टक्के आत उरतही नाहीत, कारण उष्णतेनं हायपोक्लोराइट आपोआप विघटित होतं. म्हणून कॅन थोडेच आणावेत, सावलीत ठेवावेत आणि लवकर संपवावेत.

आकडा तोच, जोर निराळा

क्लोरीन पाण्यात गेलं की त्याची दोन रूपं होतात. हायपोक्लोरस आम्लाच्या कणावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि तिथली प्रथिनं निकामी करतो. हायपोक्लोराइट आयनवर ऋणभार असतो. जंतूच्या पृष्ठभागावरही ऋणभारच असल्यानं तो बाहेरच अडतो. जंतू मारण्याच्या बाबतीत हे दुसरं रूप पहिल्यापेक्षा कितीतरी पटींनी लुळं आहे. कोणतं रूप किती, हे पाण्याचा पीएच ठरवतो. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात पीएच ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन जोरकस रूपात असतं. ७.५ ला निम्मं. ८ ला जेमतेम पाव. क्लोरीन २ पीपीएम असेल तर मोजायचं किट तिन्ही वेळा २ पीपीएमच दाखवतं.

म्हणून पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान राखायचा. तो वर गेला की हायड्रोक्लोरिक आम्ल, खाली गेला की सोडा ॲश. पाण्याची क्षारता ८० ते १२० पीपीएम असली की पीएच एका जागी टिकून राहतो. ती कमी पडली तर खायचा सोडा घालतात. कारंजं किंवा कृत्रिम धबधबा दिवसभर चालवला की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढत राहतो. शोभेच्या धबधब्याला आम्लाचा जास्तीचा खर्च जोडलेला असतो, तो असा.

पीएच ७.५ आणि क्लोरीन १ पीपीएम असेल तर ई. कोलाय जिवाणू मिनिटाच्या आत मरतो. काविळीचा हेपेटायटिस ए विषाणू सुमारे १६ मिनिटं तग धरतो, जिआर्डिया ४५ मिनिटं. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाबाच्या परजीवीचं कवच इतकं चिवट असतं, की त्याला मारायला १५,३०० मिनिटं, म्हणजे साडेदहा दिवसांहून जास्त वेळ लागतो. त्याच्यापुढे नेहमीचं क्लोरीन हतबल आहे. तिथे एकच उपाय: ज्याला जुलाब होताहेत त्यानं पाण्यात उतरायचं नाही, आणि हा परजीवी निघाला असेल तर बरं झाल्यावरही दोन आठवडे थांबायचं. तरीही अपघात झालाच, तर स्टॅबिलायझर जवळजवळ नसलेल्या पाण्यात २० पीपीएम क्लोरीन पावणेतेरा तास टिकवावं लागतं. १५,३०० ला २० नं भागलं की ७६५ मिनिटं येतात, तीच ही मुदत.

ऊन रोजच पोहतं

‘पाच दिवस कोणी उतरलंच नाही, मग क्लोरीन गेलं कुठे?’ हा मालकाचा नेहमीचा प्रश्न. पाहुणे नसले तरी ऊन असतं. सूर्याच्या अतिनील किरणांनी हायपोक्लोराइट फुटतं. उघड्या तलावात, कडक उन्हात आणि स्टॅबिलायझर नसताना बहुतेक क्लोरीन दोनेक तासांत उडून जातं. त्यात झाडांची पानं, पक्ष्यांची घाण, धूळ. पाणी जितकं कोमट तितका हा खर्च वाढतो. म्हणून क्लोरीन सूर्य मावळल्यावर घालावं. रात्रभर त्याला जंतूंशी आणि घाणीशी निवांत झुंजता येतं.

उन्हावरचा उतारा म्हणजे सायन्युरिक आम्ल, बाजारात ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरीनला सैलसर धरून ठेवतं, त्यामुळे ऊन ते पटकन फोडू शकत नाही. ३० ते ५० पीपीएम असलं की काम भागतं. मात्र धरून ठेवलेलं क्लोरीन जंतूंवरही संथपणे चालून जातं. स्टॅबिलायझर जितकं जास्त, तितका क्लोरीनचा हात आखडता.

खरी गोम इथे आहे. टीसीसीएच्या गोळीत क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल एकत्र बांधलेले असतात. गोळी विरघळली की क्लोरीन खर्च होतं आणि आम्ल पाण्यात राहतं. ते उन्हानं जात नाही, बाष्पाबरोबर उडत नाही. या गोळीनं १० पीपीएम क्लोरीन दिलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल जमा होतं. समजा, तलावाला रोज २ पीपीएम क्लोरीन लागतं आणि ते सगळं गोळ्यांतूनच दिलं जातं. महिन्याला ६० पीपीएम क्लोरीन गेलं आणि ३६ पीपीएम आम्ल साचलं. दिवाळीनंतर नव्या पाण्यानं सुरुवात केली तर होळीपर्यंत हा आकडा शंभरी सहज ओलांडतो. मग एप्रिलमध्ये तक्रार येते, ‘साहेब, क्लोरीन तीन दाखवतंय, तरी पाणी हिरवं पडतंय.’ किट खोटं बोलत नसतं. धरून ठेवलेलं क्लोरीनही किटमधल्या रसायनाला भेटलं की सुटतं आणि मोजलं जातं; शेवाळाला मात्र ते वेळेवर भेटत नाही. अशा वेळी आणखी गोळ्या टाकणं म्हणजे दुखणं वाढवणं. तलावाचं निम्मं पाणी काढून नवं भरलं की साचलेलं आम्ल निम्मं होतं. घरच्या तलावाला तोच व्यवहार्य इलाज. आणि पुढे रोजचा खर्च द्रव किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइटनं भागवायचा, गोळ्या अधूनमधून.

वास कशाचा येतो

तलावाजवळ जाताच नाकात घुसणारा वास आला की लोक म्हणतात, आज क्लोरीन फार झालंय. बहुतेकदा प्रकार उलटा असतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. तो उग्र दर्प आणि डोळ्यांची चुरचुर त्यांची. हे बांधलं गेलेलं क्लोरीन जंतूंवर फारसं चालत नाही. एकूण क्लोरीनमधून मुक्त क्लोरीन वजा केलं की ते किती आहे ते कळतं. ०.४ पीपीएमच्या खाली असेल तर ठीक. एकूण २.६ आणि मुक्त १.८ निघालं, तर ०.८ बांधलेलं आहे. ते फोडायला त्याच्या दसपट, म्हणजे ८ पीपीएम मुक्त क्लोरीन एकाच वेळी द्यावं लागतं. आपल्या ४०,००० लिटरच्या तलावाला त्यासाठी ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे अर्धा किलो लागेल. संध्याकाळी घालायचं, पंप चालू ठेवायचा आणि आकडा ४ च्या आत आल्याशिवाय कोणाला उतरू द्यायचं नाही.

याहून स्वस्त उपाय म्हणजे तलावाशेजारचा शॉवर. मिनिटभर अंग धुऊन उतरलं तरी घाम, सनस्क्रीन आणि डोक्याचं खोबरेल बरंचसं बाहेरच राहतं. पाणपातळीच्या टाइल्सवर जी चिकट काळपट रेघ बसते, ती याच तेला-क्रीमची. आणि ते तेल खपवायलाही क्लोरीनच कामी येत असतं. सोनेरी किंवा रंगवलेल्या केसांवर हिरवट झाक येते, त्याचा दोष मात्र क्लोरीनचा नाही. ती पाण्यातल्या तांब्याची, म्हणजे बहुधा मोरचुदाची करणी.

मोजायचं कसं

ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं होतं, पण मुक्त आणि बांधलेलं क्लोरीन वेगळं दिसत नाही. तलावासाठी डीपीडी किट घ्यावं. त्यात मुक्त क्लोरीन असेल तसं पाणी गुलाबी होतं. दुसरी गोळी टाकली की एकूण क्लोरीन कळतं.

नमुना पृष्ठभागावरून घ्यायचा नाही, कारण तिथे उन्हानं क्लोरीन कमी झालेलं असतं. फिल्टरमधून पाणी परत येतं त्या तोंडाजवळूनही नाही. हात कोपरापर्यंत पाण्यात घालून, कुपी उलटी धरून न्यायची आणि खाली सुलटी करायची. गोळी टाकल्यावर पाणी क्षणभर गुलाबी होऊन लगेच रंगहीन झालं, तर ‘क्लोरीन शून्य’ असं लिहू नये. क्लोरीन इतकं जास्त असू शकतं, की त्यानं रंगच उडवला. नमुन्यात तितकंच क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून पुन्हा मोजावं आणि आकडा दुप्पट धरावा.

आणखी एक चाचणी फुकट होते. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा आणि सकाळी ऊन यायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, पोहणारे नसतात. तरीही १ पीपीएमहून जास्त गेलं असेल, तर पाण्यात काहीतरी जिवंत किंवा कुजकं आहे जे ते खातंय. बहुधा शेवाळ, ते डोळ्यांना दिसायच्या आधीचं. तळ आणि भिंती घासून, फिल्टरला बॅकवॉश देऊन क्लोरीन वाढवायची वेळ आली, हे त्या फरकावरून समजतं.

पाणी कुठून आलं

देशावरचं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. उन्हाळ्यात तलावातलं पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि भर पुन्हा त्याच बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याची. अशा ठिकाणी कॅल्शियम हायपोक्लोराइट सतत वापरलं तर कॅल्शियम वाढतच जातं, टाइल्सवर पांढरी पुटं चढतात. तिथे द्रव क्लोरीन बरं. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जमिनीतल्या पाण्यात लोह असू शकतं. विहिरीचं नितळ पाणी भरून क्लोरीन घातलं आणि तासाभरात तलाव चहाच्या रंगाचा झाला, तर घाबरायचं नाही. विरघळलेल्या लोहाचं क्लोरीननं ऑक्सिडीकरण केलं, म्हणून ते दिसू लागलं. ते फिल्टरमध्ये अडकवून बॅकवॉशनं काढावं लागतं.

पावसाळ्यात सगळं फिरतं. घाटमाथ्यावर आणि कोकणात तलाव चार महिने ओसंडत असतो. पावसाच्या पाण्यानं साचलेलं स्टॅबिलायझर आणि जडपणा पातळ होतो, ही फायद्याची बाजू. पण क्षारताही धुऊन जाते, पीएच डगमगतो, आणि मातीबरोबर शेवाळाचं बी व त्याचं खत दोन्ही येतं. ढगाळ हवेत ऊन क्लोरीन खात नाही म्हणून निर्धास्त राहिलेला तलाव आठवड्यात हिरवा होतो, तो यामुळे. पंपाला मात्र कोणत्याच ऋतूत सुटी नाही. सगळं पाणी दिवसातून एकदा तरी फिल्टरमधून फिरावं. घरच्या तलावाला त्यासाठी सहा ते आठ तास लागतात.

हल्ली ‘क्लोरीन नसलेला, मिठाचा तलाव’ असं सांगून यंत्रं विकली जातात. त्यात लिटरमागे ३ ते ४ ग्रॅम मीठ घालतात आणि यंत्र त्या मिठातून विजेच्या साहाय्यानं क्लोरीनच बनवतं. थोडं थोडं सतत मिळतं, हा चांगला भाग. पीएच वर चढत राहतो, हा त्रासाचा. मोजणं त्यातही सुटत नाही.

डबे कुठे ठेवता

क्लोरीनमध्ये आम्ल मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट हे दोन्ही क्लोरीनचेच डबे, पण एकत्र आले आणि ओल लागली तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. म्हणून प्रत्येकाचा चमचा वेगळा, बादली वेगळी, जागा वेगळी आणि आम्लाचा कॅन या सगळ्यांपासून लांब. नेहमी आधी पाणी, मग त्यात रसायन. पावडरीवर पाणी कधीही ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घालायचे, वाऱ्याकडे पाठ करायची. तलाव रिकामा करायचा तर आधी क्लोरीन शून्यावर येऊ द्यावं, मगच पाणी सोडावं; ओढ्यातल्या माशांना ते फार कमी प्रमाणातही घातक असतं.

किट कोणाच्या हाती

या सगळ्यात महागडं काहीच नाही. कठीण आहे ते सातत्य, आणि ते पुण्यात बसून राखता येत नाही. मालकानं आणलेलं किट त्याच्या गाडीच्या डिकीत फिरतं आणि पाण्याजवळ रोज असतो तो माणूस मुठीनं अंदाज घेतो, असं चित्र अनेक बंगल्यांवर आहे. किट, तराजू आणि एक वही केअरटेकरच्या हाती द्यावी. रोज सूर्यास्ताला मुक्त क्लोरीन आणि पीएच, आठवड्याला एकूण क्लोरीन आणि क्षारता, महिन्याला स्टॅबिलायझर. शेजारी कोणत्या डब्यातून किती ग्रॅम घातलं ते. महिनाभरात त्या वहीतून तलावाचा रोजचा खर्च दिसू लागतो, आणि पुढची मात्रा अंदाजावर राहत नाही. पाहुणे असतील त्या दिवशी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मोजावंच. दहा जण पाण्यात असताना सकाळचा आकडा जेवणाच्या वेळेपर्यंत टिकेल याची खात्री नसते.

वहीबरोबर अधिकारही द्यायला हवा. शनिवारी अकरा वाजता मुक्त क्लोरीन अर्ध्या पीपीएमवर असेल, तर भाडं भरून आलेल्या मंडळींना ‘क्लोरीन घालतोय, अजून तासभर थांबा, पुन्हा मोजतो, मग उतरा’ असं सांगणं केअरटेकरला जड जातं. मालकाला फोन लावला जाईल, ही धास्ती त्याला असते. म्हणून बुकिंगच्या अटींतच एक वाक्य घालून ठेवावं: तलाव वापरायचा की नाही हे त्या दिवशीच्या मोजमापावर ठरेल आणि त्याबाबत केअरटेकरचा शब्द अखेरचा राहील. आणि पाहुण्यांचा फोन आलाच, तर मालकानं तेच वाक्य वाचून दाखवावं.